उतार पायी

मावशीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती सायकल हातात धरून डोंगर उतरत होती.

वॉलॉंगॉंगला एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला उंच हिरवा कडा आणि मधल्या पट्टीत सगळं गाव. मी पुण्याहून मास्टर्स करायला आले होते, त्याला आठवडाही झाला नव्हता. भाड्याची खोली बघायची म्हणून कड्याच्या पायथ्याचा एक उभा रस्ता धापा टाकत चढत होते. समोरून एक बाई येत होती. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, डोक्यावर हेल्मेट, कानात सोन्याच्या कुड्या. सायकल चांगली दिसत होती, चाकांत हवा होती, आणि तरी ती बाई एखाद्या आजाऱ्याला हाताला धरून न्यावं तशी ती सायकल सावकाश खाली नेत होती.

"पंक्चर झालंय का?" मी इंग्रजीत विचारलं.

तिने माझ्या कापडी पिशवीवरची मराठी अक्षरं वाचली. "नाही गो," ती म्हणाली, "उतार आहे." आणि चार पावलं पुढे जाऊन मागे वळली. "खोली बघायला आलेली तूच ना? घर खाली राहिलं. तू पुढे निघून आलीस."

तिच्याकडे मी अडीच वर्षं राहिले. मूळची ती वसईची. नवरा पोर्ट केंब्लाच्या पोलाद कारखान्यात इंजिनियर होता, तो मी यायच्या बऱ्याच आधी हृदयविकाराने गेला होता. मूलबाळ नव्हतं. घराच्या दोन खोल्या ती युनिव्हर्सिटीतल्या मुलींना द्यायची. तिसऱ्या दिवशी मी तिला "तुम्ही" म्हणाले तेव्हा तिने आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "अजून कोण आलंय?" तेव्हापासून तू.

मागच्या अंगणात तिने केळी लावल्या होत्या. केळी पिकली की सोलून गॅरेजच्या पत्र्यावर उन्हात ठेवायची आणि त्यांची सुकेळी करायची, वसईत करतात तशीच. वर जाळी टाकायची, कारण पांढरे काकाकुवे टपलेले असायचे. एकदा त्यांनी जाळी उचकटून निम्मी सुकेळी नेली. आम्ही मुली हळहळलो. मावशी गॅरेजकडे बघत म्हणाली, "चव कळते त्यांना," आणि त्यानंतर एक रांग जाळीच्या बाहेर ठेवायला लागली.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की ती सायकल काढायची. चढ मात्र ती कधी पायी चढली नाही. सगळ्यात हलका गियर टाकून, कसलंसं भक्तिगीत पुटपुटत, गोगलगायीच्या चालीने ती कड्यावर चढायची. वर पोहोचली की पाणी प्यायची, अर्धं सुकेळं खायची, समुद्राकडे बघायची आणि सायकलवरून उतरून चालत खाली यायला निघायची. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या थांबायच्या. कोणी काच खाली करून विचारायचं, "यू राइट, लव्ह?" मावशी हात हलवायची, "ऑल गुड, मेट. जस्ट गोइंग डाउन." वसंतात मॅगपाय पक्षी सायकलवाल्यांच्या डोक्यावर झडप घालतात, म्हणून लोक हेल्मेटला प्लास्टिकचे काटे लावतात. मावशीला त्यांनी कधी चोच मारलेली मी पाहिली नाही. ती म्हणायची, झाडाखालून चालत जावं, गुड मॉर्निंग म्हणावं, त्यांचीही पोरं असतात.

आम्हा मुलींमध्ये या उतारावरून बरेच तर्क चालायचे. एकीचं म्हणणं, तिचा ब्रेकवर विश्वास नाही. दुसरीला वाटायचं, नवऱ्याने शपथ घातली असेल. माझी खात्री होती की लहानपणी वसईला काहीतरी मोठा अपघात झाला असणार. पण विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

नोकरीत ती लोकांचं रक्त काढायची. शहरातल्या एका तपासणी केंद्रात सकाळी सात ते दुपारी तीन सुई, नळ्या, कापूस. माणसांची नावं ती विसरायची, चेहरेही विसरायची, हात मात्र विसरायची नाही. सुपरमार्केटमध्ये कोणी हसून हॅलो केलं की ती त्याच्या कोपराकडे बघायची आणि मग ओळख पटायची. घरी येऊन सांगायची, "ती नाही का, डाव्या हाताची शीर पळते ती. तिला नात झाली." माझा हात तिने पहिल्याच दिवशी चहा देताना तपासला होता. "पाणी पीत नाहीस."

सुई टोचताना प्रत्येकाला ती एकच विचारायची, "गाव कुठलं?" सिडनी, वॉलॉंगॉंग असं उत्तर चालायचं नाही. त्याच्या मागचं गाव. गावाबद्दल बोलायला लागला की माणूस खिडकीकडे बघतो, हाताकडे बघत नाही, असं तिचं म्हणणं. पोलाद कारखान्यामुळे तिथे जुने इटालियन पुष्कळ. असाच एक म्हातारा दर पंधरा दिवसांनी तिच्याकडे यायचा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या, त्यामुळे तपासणी चुकायची नाही. कारखान्यात क्रेन चालवून निवृत्त झालेला, बायको गेलेली, एक मुलगी जवळच राहणारी. बाविसाव्या वर्षी इटलीतल्या उंब्रियाच्या डोंगरातलं गाव सोडलं, त्यानंतर अठ्ठावन्न वर्षांत एकदाही परत गेला नव्हता.

"का नाही गेलात?" मावशीने विचारलं होतं.

"माझं तिथे कोणी नाही," तो म्हणाला होता.

पण गावाला जाणारा रस्ता त्याने तिला सांगितला. रक्त काढायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मावेल तेवढाच. एका खेपेला एक वळण. ते मावशी संध्याकाळी आम्हाला जेवताना सांगायची. "आज अक्रोडाच्या झाडापर्यंत आला." पंधरा दिवसांनी, "आज त्या पडक्या देवळाशी. दाराला कुलूप असतं, पण फटीतून मारियामातेची मूर्ती दिसते." आम्ही डाळ-भात खात असायचो, बाहेर गाड्या जायच्या, आणि स्वयंपाकघरात तो पांढऱ्या खडीचा रस्ता थोडा थोडा वर चढत जायचा. परीक्षेच्या धामधुमीतही मला कधी कधी झोपेत तो दिसायचा. दोन्ही बाजूंना ऑलिव्हची रुपेरी झाडं, आणि वर कुठेतरी घंटा.

मी पुढे नोकरीसाठी सिडनीला वेंटवर्थव्हिलमध्ये राहायला गेले, तरी महिन्या-दोन महिन्यांनी ट्रेनने तिच्याकडे जायचे. मला पीआर, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी, मिळाली त्या आठवड्यात गेले, तर ती म्हणाली, "मे महिन्यात इटलीला जायचंय. सायकलने. तू येतेस." हे विचारणं नव्हतं. तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती आणि मी एकोणतीस. मी शेवटची सायकल तिच्याच अंगणात चालवली होती.

तो प्रवास आता मला सलग आठवत नाही. सकाळी खिडकी उघडली की दरी धुक्याने भरलेली असायची आणि टेकड्यांवरची गावं त्यात बेटांसारखी तरंगायची. आम्ही निघायचो. नऊपर्यंत धुकं विरायचं आणि खाली खसखशीच्या लाल फुलांची शेतं उघडी पडायची. गवत कापल्याचा वास यायचा. मावशी पुढे, मी मागे. भाड्याच्या दोन सायकली, मागे पिशव्या, तिच्या पिशवीत वॉलॉंगॉंगची सुकेळी. चढावर ती पुटपुटत राहायची, आणि माथ्यावर पोहोचलो की उतरून चालायला लागायची. ती सगळ्यांशी मराठीत बोलायची. बेकरीवाल्या बाईला, "जरा भाजलेला दे गो." ती बाई भाजलेला पाव काढून द्यायची. कुठे काही अडलं नाही.

मला मात्र ते उतार जाचायला लागले. तासभर घाम गाळून चढायचं आणि पुढचा छान, गार, वळणावळणाचा रस्ता पायी तुडवायचा. पहिले काही दिवस मी तिच्याबरोबर चालले. नवव्या दिवशी आम्ही त्या म्हाताऱ्याच्या गावाच्या रस्त्याला लागलो. आधी एक लांब उतार होता, मग शेवटचा चढ, आणि वर गाव. मी म्हटलं, "मावशी, मी पुढे जाते. वर चौकात थांबते."

"जा की," ती म्हणाली.

मी पायडलवरचे पाय सैल सोडले आणि निघाले. वारा, सरूची झाडं, एक कुत्रा, सगळं बाजूने वाहून गेलं. मागे वळून पाहिलं नाही. वर जाऊन चौकात बसले, कॉफी प्यायले. अर्धा तास झाला, तास झाला. दोन तास झाले तेव्हा तिला फोन लावला, तो बंद. मावशी फोन नेहमी बंद ठेवायची, बॅटरी वाचवायला. एकसष्ट वर्षांच्या बाईला मी परक्या देशात, जिथली भाषा येत नाही तिथे, डोंगरात एकटीला सोडून आले होते. मी सायकल फिरवली. प्रत्येक वळणावर कठड्यावरून खाली वाकून बघत होते आणि खाली काही दिसेल या भीतीने डोळे मिटत होते.

ती सापडली उताराच्या मध्यावर. रस्त्याच्या खालच्या अंगाला, सायकलवरून जाताना दिसणारही नाही असं एक दगडी घर होतं. अंगणात अंजिराखाली दोन खुर्च्या, मध्ये टोपली, आणि मावशी एका म्हाताऱ्यासमोर बसून शेंगा सोलत होती. वालासारख्याच हिरव्या, जाड शेंगा.

मी ओरडलेच. रडलेही. ती शांतपणे म्हणाली, "ये, बस. हा त्याचा भाऊ आहे."

"कोणाचा?"

"आपल्या म्हाताऱ्याचा."

"त्याचं इथे कोणी नाही. तूच सांगितलंस."

"तो खोटं बोलत होता."

तिने मला नीट सांगितलं. चालत उतरताना तिला कठड्याखाली एक माणूस शेंगा सोलताना दिसला. चेहरा टोपीखाली होता. पण बाह्या दुमडलेल्या होत्या, आणि डाव्या हाताची शीर कोपराच्या आत दुभंगून परत जुळत होती. "ती शीर मी नऊ वर्षं टोचतेय," मावशी म्हणाली. "अशी दुसरी नाही पाहिली." ती सायकल टेकवून खाली गेली आणि त्याच्यासमोर म्हाताऱ्याचं नाव घेतलं. त्या माणसाच्या हातातली शेंग खाली पडली. तो उठून घरात गेला आणि दार लावून घेतलं. मावशी बसून राहिली. शेंगा अर्ध्या राहिल्या होत्या, म्हणून तिने सोलायला घेतल्या. खूप वेळाने तो बाहेर आला. ताटलीत पाव आणि चीज होतं. त्याने बोटं दाखवून विचारलं, भावाला मुलं किती? तिने एक बोट दाखवलं. मग दोघं सोलत बसले.

निघताना त्याने पावाच्या कागदाचा तुकडा फाडला, पेन्सिलीने त्यावर फोन नंबर लिहिला आणि मावशीला दिला. लगेच तिच्या हातातून परत घेतला. त्याकडे बघत उभा राहिला. मग पुन्हा दिला आणि घरात निघून गेला.

राहिलेला उतार मी तिच्याबरोबर चालले. ऊन कलतं झालं होतं, दरीतून घंटेचा आवाज वर येत होता. मी आधी माफी मागितली. मग जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं. "मावशी, लहानपणी तुला उतारावर अपघात झाला होता का?"

"अपघात?" तिला खरंच आश्चर्य वाटलं. "नाही गो. मला उतार आवडतो. दोन मिनिटांत संपवून टाकायचा?"

वॉलॉंगॉंगला परत आल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. म्हाताऱ्याला सांगायचं की नाही? मी म्हटलं, सांगू नकोस. त्याने लपवलंय, म्हणजे त्याला ते बाहेर काढायचं नाही. हृदयाचा पेशंट, ऐंशी वर्षांचा. रस्ता पाहिला म्हण, अक्रोड पाहिला म्हण, तेवढ्यावर खूश होईल. मावशी दोन दिवस केळीची सुकलेली पानं काढत राहिली. मग म्हणाली, "त्याने मला रस्ता सांगितला. नुसता अक्रोड बघून यायला नव्हता सांगितला."

पुढच्या खेपेला तिने त्याला सांगितलं. रक्त काढायच्या आधी सांगितलं आणि कागद समोर ठेवला. म्हातारा लाल झाला. "तुला कोणी सांगितलं होतं?" तो ओरडला. "तुझं काम सुया टोचायचं आहे!" बाही वर केलेलीच होती, तसाच उठून निघून गेला. गडबडीत कागद कुठे पडला कळलं नाही. मावशीने टेबलाखाली शोधला, कचऱ्याची बादली उपसली. पुन्हा तो तिच्याकडे आला नाही. दुसऱ्या केंद्रात जातो असं कळलं.

मावशी मिटून गेली. काम करायची, रविवारी मिस्साला जायची, पण सायकल गॅरेजमध्येच. पेशंटना गाव विचारणं बंद केलं. मी गेले की चहा द्यायची आणि माझ्या ऑफिसचं विचारायची. एकदाच म्हणाली, "माणसाच्या आत कुठवर जायचं ते मला कळायला हवं होतं. पोटापाण्याचं कामच आहे माझं ते." मी आधीच सांगितलं होतं, असं ओठांवर आलेलं गिळून टाकलं.

त्यानंतर माझं लग्न झालं, मुलगी झाली, आम्ही सिडनीतच स्कोफिल्ड्सला नवीन घर घेतलं. मुलगी दोन वर्षांची असताना मावशीचा फोन आला. म्हातारा गेला होता. चर्चमध्ये जायचं होतं आणि तिला एकटीला जायचा धीर नव्हता. मी गाडी घेऊन गेले. आम्ही सगळ्यात मागच्या बाकावर बसलो, कोणाला दिसू नये असं. पण प्रार्थना संपल्यावर काळ्या कपड्यांतली एक बाई सरळ आमच्याकडे आली. म्हाताऱ्याची मुलगी.

"रक्त काढणाऱ्या त्या तुम्हीच ना?" तिने विचारलं.

मावशी उभी राहिली. "सॉरी," ती म्हणाली. "मी त्यांना सांगायला नको होतं."

ती बाई गोंधळली. मग तिने मावशीचे दोन्ही हात धरले. तिच्या वडिलांनी तो कागद खिशात घालून घरी आणला होता. महिनाभर खिशातच ठेवला, आणि एका रविवारी दुपारी फोन लावला. तेव्हापासून दर रविवारी. दोघांनाही कमी ऐकू यायचं, त्यामुळे दोघंही ओरडायचे. गाव सोडायच्या आदल्या आठवड्यात त्यांचं खेचर पळून गेलं होतं, आणि गोठ्याचं फाटक उघडं कोणी टाकलं यावरून अठ्ठावन्न वर्षांपूर्वी जे भांडण झालं, तेच दोघं दर वेळी नव्याने भांडायचे. "फोन ठेवला की डॅड शिट्टी वाजवत स्वयंपाक करायचा," ती म्हणाली. "मी त्याला शिट्टी वाजवताना कधी ऐकलंच नव्हतं."

"मला कधी बोलला नाही," मावशी म्हणाली.

"नाही. तुम्हाला सांगायचं नाही, असं त्याने मला बजावलं होतं. म्हणायचा, त्या बाईला कळलं तर डोक्यावर बसेल."

मावशी हसली. भर चर्चमध्ये, शवपेटी अजून दाराशी असताना, ती मोठ्याने हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. लोक वळून बघत होते. तिने रुमालाने तोंड पुसलं आणि एकदम गंभीर होऊन विचारलं, "आता रविवारी त्या भावाला कोण फोन करतं?"

मुलीने नकारार्थी मान हलवली. तिला ते जमणार नव्हतं. तो भावाबद्दल विचारणार आणि तिला रडू येणार.

"नंबर दे," मावशी म्हणाली. "आणि फाटकाला इटालियनमध्ये काय म्हणतात?"

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी मी मुलीला घेऊन तिच्याकडे गेले होते. ती आता निवृत्त झाली आहे, कडा अजून चढते. दुपारचे चार वाजले होते, म्हणजे तिकडे सकाळचे आठ. मावशी मागच्या अंगणात केळींखाली खुर्ची टाकून बसली होती, फोन कानाला. आम्हाला बघून तिने नुसता हात केला.

"कांचेल्लो तूच उघडं टाकलंस!" ती ओरडत होती. "तूच! मला नको सांगू! कांचेल्लो!"

फोनमधून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज उसळत होता. तो कुठल्या शब्दावर थांबतो आणि कुठे पुन्हा सुरू होतो तेही समजत नव्हतं.

माझी पाच वर्षांची मुलगी ऐकत उभी राहिली. "मम्मा, इज शी स्पीकिंग इटालियन?"

"नाही. मराठी."

"इज ही स्पीकिंग मराठी?"

"नाही."

तिने थोडा विचार केला. "देन हू इज विनिंग?"

मावशी खुर्चीत पुढे सरकली. पलीकडचा आवाज संपेपर्यंत तिने नीट ऐकून घेतलं, मान डोलावली, फोन या कानावरून त्या कानावर घेतला आणि खेचराची सगळी हकीगत पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.